पासंग

गाडीचा डावा पार्किंग लाइट गेला म्हणून मी तो बदलायला घेतला. एवढंच. एका वाक्यात मावणाऱ्या या कामाला मला दोन महिने लागले. त्यात माझ्या उजव्या हाताची चार बोटं सोलली, वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं आणि इमारतीत माझं नाव 'टिंगटिंग' पडलं. बाकी जे झालं ते शेवटी सांगतो, कारण मलाही ते शेवटीच कळलं.

पार्किंग लाइट म्हणजे मोठ्या दिव्याच्या पोटात बसलेला करंगळीच्या पेराएवढा बल्ब. त्याच्या उजेडात आपल्याला रस्ता दिसत नाही. दुसऱ्याला आपण दिसावं, एवढंच त्याचं काम. जगात इतकी निःस्वार्थ वस्तू दुसरी नसेल, आणि म्हणूनच ती गेली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आमच्या घरी मात्र आली. वडील संध्याकाळी खिडकीत बसतात. मी गल्लीत वळलो की मोठे दिवे बंद करून बारीक दिव्यांवर हळूहळू येतो, आणि त्या दोन पिवळ्या ठिपक्यांवरून ते मला ओळखतात. त्या दिवशी मी घरात शिरलो तर ते बायकोला सांगत होते, "अजून आला नाही हा. आत्ता एक स्कूटर तेवढी आली."

"बाबा," मी म्हणालो, "ती स्कूटर मीच."

एरवी हसलो असतो. पण त्या दिवसांत वडिलांच्या खिडकीत बसण्याला घरात फार महत्त्व आलं होतं. त्यांच्या पोटात जे होतं त्याचं डॉक्टरांनी लांबलचक नाव सांगितलं होतं आणि त्यावर इलाज नाही हे अगदी छोट्या वाक्यात सांगितलं होतं. "वजनावर लक्ष ठेवा," ते म्हणाले. "पंचेचाळीसच्या खाली गेलं तर लगेच दाखल करा. नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल." मी विचारलं, "नळी किती दिवस?" डॉक्टर टेबलावरचा पेन सरळ करत म्हणाले, "ती काढायची वेळ सहसा येत नाही." वडील शेजारच्याच खुर्चीत होते. घरी येताना ते एवढंच म्हणाले, "मला नळी नको. मी माझ्या खाटेवर मरणार." मी म्हणालो, "बघू बाबा, आधी वजन तर राखू." बायकोने डॉक्टरांना शब्द दिला होता, की पंचेचाळीसच्या खाली काटा गेला की त्याच दिवशी आणू. ती शब्दाला पक्की आहे.

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी वडिलांचं वजन होऊ लागलं. बायको गुडघ्यांवर बसून काटा वाचणार, आमची नऊ वर्षांची मुलगी पेन्सिलीने कॅलेंडरवर आकडा लिहिणार. एकोणपन्नास. अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस. माझ्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. मऊ भात, पेज, दूध, सगळं करून झालं होतं आणि काटा ऐकत नव्हता. बल्ब मात्र माझ्या हातात होता, असं मला तेव्हा वाटलं.

सुट्या भागांच्या दुकानात मी जुन्या जातीचा बल्ब मागितला, तर दुकानदाराने माझ्याकडे दयेने बघितलं. "कुठल्या जमान्यात आहात साहेब? एलईडी घ्या. पांढराशुभ्र उजेड, वीज खात नाही, तापत नाही. तुमच्या गाडीपेक्षा जास्त टिकेल." हे दिव्याचं कौतुक नसून माझ्या गाडीची निंदा होती, हे मला घरी आल्यावर कळलं. पण पांढराशुभ्र हा शब्द मला पटला होता. वडिलांची नजर अधू झाली आहे, पिवळ्यापेक्षा पांढरं त्यांना लांबून दिसेल. मी जोडीच घेतली.

गाडी बनवणाऱ्याने तो बल्ब बॅटरी आणि दिवा यांच्यामधल्या ज्या सांदीत बसवला आहे, तिथे ज्याचा हात जाईल त्याच्या मनगटात हाड नसावं. अर्धा तास मी आंधळ्यासारखा चाचपडत होतो. जुना बल्ब हाती लागला, आणि लागल्या लागल्या निसटून दिव्याच्या पोटात पडला. तो आजही तिथेच आहे. गाडी वळली की खुळखुळतो. मग नवा बसवला, तर तो लागेना. काढला, पुसला, फुंकला, बसवला. लागेना. बाल्कनीतून बायको म्हणाली, "उलटा घालून बघा ना." मी तिला समजावलं की बल्बला उलटंसुलटं नसतं, ही शाळेत शिकवलेली गोष्ट आहे. मग ती आत गेल्यावर उलटा घातला. लख्ख लागला. मग उजवाही बदलला. एलईडीला उलटंसुलटं असतं. शाळेने मला फसवलं, दुसरं काय!

खिडकीतून वडिलांचा आवाज आला, "दिसतोस रे! दोन्ही डोळे दिसतायत!" त्या आवाजात महिनाभरात नव्हता एवढा जोर होता. सोललेली बोटं तोंडात घालून मी समाधानाने गाडीत बसलो, किल्ली फिरवली, आणि गाडी म्हणाली, टिंग.

आता माझ्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. ती जुनी आहे, पण पहिल्या मालकाने हौसेने सगळ्यात वरचं मॉडेल घेतलं होतं. त्यात नुसते लाल-पिवळे दिवे लागत नाहीत, समोरच्या पडद्यावर पूर्ण वाक्य उमटतं. दार उघडं आहे. टायरमध्ये हवा कमी आहे. आपण दमलेले दिसता, विश्रांती घ्या. हे शेवटचं वाक्य घरात मला कधी कोणी म्हटलेलं नाही. एकदा मुलगी हट्टाने पुढच्या सीटवर बसली, तर पडद्यावर आलं, 'पुढच्या सीटवर लहान मूल. एअरबॅग बंद केली आहे.' मुलगी इतकी चिडली की दोन दिवस गाडीत बसली नाही. मी माहितीपुस्तक काढून तिची समजूत घातली, की बाळा, या गाडीला बेचाळीस किलोच्या आतलं कोणीही मूलच वाटतं, मनाला लावून घेऊ नकोस. तर अशी ही स्पष्टवक्ती गाडी. ती आता म्हणत होती, 'डावा पार्किंग लाइट गेला आहे.' आणि त्याखाली, 'उजवा पार्किंग लाइट गेला आहे.'

मी उतरून बघितलं. दोन्ही लख्ख. परत बसलो. टिंग. गाडी सुरू करताना एकदा आणि नंतर दर दहा मिनिटांनी एकदा, ती मला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट खोटी असल्याचं सांगू लागली.

बॉनेट उघडं दिसलं की माणसं का जमतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पहिले आले ते वरच्या मजल्यावरचे, वीजखात्यातून निवृत्त झालेले अभियंता. आम्ही त्यांना व्होल्टसाहेब म्हणतो. त्यांनी हात मागे बांधून निदान केलं. "गाडी दिवा बघत नाही हो. गाडी भार बघते. जुना बल्ब पाच वॅट ओढायचा. तुमचा हा फुसका एक वॅटही ओढत नाही. तारेवर भार नाही, म्हणजे दिवा मेला, असं ती धरून चालते."

"मग उपाय?"

"सोपा. जुना बल्बही मागे जोडून ठेवा. आत लपवून. तो भार ओढेल, हा उजेड देईल."

"मग एलईडी कशाला लावला मी?"

"तो तुमचा प्रश्न आहे," ते म्हणाले. यावर मी जे बोललो ते वयाने मोठ्या माणसाला बोलायला नको होतं. तेव्हापासून ते जिन्यात मला बघून भिंतीवरचे मीटर वाचतात.

समोरच्या घरातले विमा एजंट जास्त व्यवहारी निघाले. "पट्टी लावा," त्यांनी सांगितलं. "काळी चिकटपट्टी. माझ्या गाडीत तीन संदेश येतात. तिन्हींवर पट्टी आहे. इंजिनाचाही आहे बहुतेक एक त्यात. आठ महिने झाले, गाडी झकास." नवव्या महिन्यात त्यांची गाडी ओढून न्यावी लागली. पण तेव्हा मी पट्टीचा विचार खरोखर केला होता, हे कबूल करतो.

पट्टी लावता आली नाही, कारण गाडीची सरकारी तपासणी तोंडावर आली होती. मी तपासणी केंद्रावर चौकशीला गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "पडद्यावर काही संदेश?"

"आहे एक. पण साहेब, दिवा लागतो. गाडी उगाच म्हणते लागत नाही."

"गाडी म्हणते लागत नाही, तर लागत नाही."

"अहो, डोळ्यांना दिसतो."

त्यांनी माझ्यासमोर फॉर्म सरकवला. "दाखवा, डोळ्यांसाठी कुठे रकाना आहे ते." खरंच नव्हता. मी दोन्ही बाजू वाचल्या.

तिथून कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. टाय लावलेल्या एका तरुण सल्लागाराने गाडीला लॅपटॉप जोडला आणि माझ्यापेक्षा गाडीशी जास्त वेळ बोलला. मग मला म्हणाला, "सर, गाडी बरोबर आहे. चूक तुमची आहे." बल्ब तपासायचं तिचं खातं बंद करता येतं म्हणे, पण त्यासाठी मुख्य कार्यालयाची परवानगी, आणि परवानगीच्या अर्जावर गाडीच्या पहिल्या मालकाची सही. पहिला मालक वारला आहे, असं मी सांगितलं. "मग त्यांचं तसं पत्र आणा," तो म्हणाला. म्हणजे काय आणू, हे विचारायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं.

त्या शनिवारी काटा सेहेचाळीसवर आला. मुलीने आकडा लिहिला. आपण कशाच्या किती जवळ आलो आहोत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि नाश्त्याला सगळे गाडीबद्दल बोललो.

दुसऱ्या दिवशी मी वायरमनला घरीच बोलावलं. त्याने डबीतून सोनेरी रंगाचा, बोटभर लांबीचा एक ठोकळा काढला. "हा रेझिस्टर. दिव्याच्या बाजूला जोडायचा. हा काही करत नाही. नुसता भार ओढतो आणि तापत बसतो. गाडीला वाटतं, जुना बल्ब आहे."

वर खिडकीत वडील ऐकत होते. "म्हणजे पासंग!" ते एकदम म्हणाले.

वडील चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते, हे सांगायचं राहिलं. बाजारात ते शिरले की दुकानांच्या मागच्या दारांनी मापं बाहेर पडायची. त्यांनी सख्ख्या मेहुण्याच्या दुकानातली वजनं जप्त केली होती, पावती दिली होती, आणि त्याच रात्री त्याच्याकडे जेवले होते. काटा तपासून खरा निघाला की ते एक वाक्य म्हणायचे, "काटा बरोबर आहे," आणि शिक्का मारायचे. खात्री केल्याशिवाय हे वाक्य आयुष्यात कधी तोंडातून काढलं नाही, ही त्यांची एकुलती एक मिळकत. निवृत्तीच्या वेळी खात्याने त्यांना लाकडी पेटीतली पितळी वजनं भेट दिली होती, दोन किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत. दर दिवाणखान्यात शोकेस असते, आमच्याकडे ती पेटी आहे.

"पासंगाला पुरत नाही असं नुसतं म्हणतो आपण," ते खिडकीतून वायरमनला शिकवू लागले. "पासंग म्हणजे काय माहितीय? एक पारडं हलकं असलं की त्याला खालून दगडाचा तुकडा बांधायचा. तागडी समोर दिसते. गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश. मापात पाप ते असं. मी शेकड्यांनी पकडलेत."

"काका, गाडी काय गिऱ्हाईक आहे का?" वायरमन म्हणाला.

"तिला खरं कळायला हवं ना पण," वडील म्हणाले आणि बराच वेळ त्या ठोकळ्याकडे बघत राहिले. "तिला खरंच कळणार नाही?"

"अजिबात नाही कळणार. ठोकळ्याचं काम नेमकं पाहिजे फक्त. कमी नको, जास्त नको."

पहिला ठोकळा त्याने प्लास्टिकला चिकटवला. वीस मिनिटांत आतून धूर आला आणि दिव्याच्या मागची कड मेणासारखी वितळली. व्होल्टसाहेबांनी वरून खिडकी बंद केली, तीही अशी की मला ऐकू यावी. मग वायरमनने दोन्ही ठोकळे लोखंडी पत्र्यावर स्क्रूने बसवले. मी किल्ली फिरवली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पडदा कोरा. सात आठवड्यांतली पहिली शांतता मी काचा वर करून एकट्याने ऐकली.

आणि योगायोग बघा, त्या आठवड्यापासून वडिलांचं वजनही थांबलं! पुढच्या शनिवारी सेहेचाळीस. त्याच्या पुढच्या शनिवारी सेहेचाळीस. असे सलग चार शनिवार, रेघेवर रेघ. बायको म्हणाली पेजेचा गुण. मी म्हणालो मन रमल्याचा. हल्ली ते वजनाला कोट घालून उभे राहत. "चौतीस वर्षं कोटात काटे तपासले, आता उघड्याने उभा राहू? आणि कोट दर वेळी तोच आहे, फरक तर खरा कळतो ना?" युक्तिवाद बिनतोड होता. मुलगी दर वेळी पेन्सिल रोखून खेळात विचारायची, "आजोबा, काटा बरोबर आहे?" पूर्वी ते जोरात म्हणायचे, "काटा बरोबर आहे!" आता नुसतं म्हणत, "लिही, लिही." दमत असतील, असं आम्हाला वाटलं. मला तर इतकं हलकं वाटत होतं, की मी जिन्यात व्होल्टसाहेबांना नमस्कारसुद्धा केला.

तपासणीची तारीख शनिवारचीच मिळाली, सकाळी नऊची. बायको काटा मांडून बसली होती, वडील कोट चढवून तयार होते, पण मला उशीर होत होता. "आल्यावर करू," मी म्हणालो. वडील म्हणाले, "मीही येतो. बघू तरी हल्लीचे लोक तपासणी कशी करतात." महिनाभर ते जिना उतरले नव्हते. मला आनंदच झाला. एकेका पायरीवर थांबत, कोटाचे दोन्ही खिसे हातांनी धरत ते उतरले आणि पुढच्या सीटवर बसले. मी पट्टा लावला. पडदा कोरा होता.

तपासणी केंद्राच्या फाटकाबाहेर बारा गाड्यांची रांग. ऊन चढलं. माझ्या गाडीचा एसी मेलेला आहे, त्याबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नाही. वडिलांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

"कोट काढा ना, बाबा."

"नको. बरा आहे."

"अहो, केवढे लाल झालात. काढा."

"नको म्हटलं ना."

पण त्यांचा श्वास वाजायला लागला. मग मी ऐकलं नाही. एक बाही सोडवली, दुसरी सोडवली, आणि कोट उचलून मागे टाकायला गेलो तर माझा हातच खाली गेला. कोट मागच्या सीटवर पडला तो ठण्ण असा आवाज करत.

काय आहे यात, असं मी विचारणार, तोच गाडी म्हणाली, टिंग.

मेला तो दिवा, मी मनात म्हटलं, नेमका आत्ता. आणि पडद्याकडे बघितलं. 'पुढच्या सीटवर लहान मूल. एअरबॅग बंद केली आहे.'

मी आधी मागे वळून बघितलं, मुलगी लपून आली की काय म्हणून. मग शेजारी बघितलं. कोटाशिवाय, शालीशिवाय मी वडिलांना किती दिवसांत बघितलं नव्हतं कोण जाणे. कॉलर आणि मान यांच्यामध्ये माझी मूठ गेली असती. शर्टात ते होते, पण शर्टाला त्याचा पत्ता नव्हता. मला भीती वाटली. लहानपणी गर्दीत त्यांचं बोट सुटायचं तेव्हा वाटायची तशीच.

"किती?" मी विचारलं.

"एक्केचाळीस." त्यांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "पहाटे तुम्ही उठायच्या आधी करून घेतो मी. आधी रिकामं, मग भरून. दोन किलोची दोन आणि एक किलोचं एक. मागच्या शनिवारी साडेचार टाकले होते. नेमकं लागतं."

"कधीपासून?"

"तो वायरमन येऊन गेला ना, त्याच्या पुढच्या शनिवारपासून. युक्त्या सगळ्या माहीत होत्या रे मला. जन्म गेला त्यातच. स्वतः कधी करीन असं मात्र वाटलं नव्हतं." मग ते पडद्याकडे बघत म्हणाले, "हिला कळलं बघ. मूल म्हणते मला."

मला रडू येत होतं, आणि मागची गाडी हॉर्न वाजवत होती, कारण रांग पुढे सरकली होती.

"कोट दे इकडे," वडील म्हणाले. "मांडीवर ठेवतो. नाहीतर तुझी गाडी नापास होईल."

मी दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी मांडीवर घेतला. संदेश गेला.

फाटकाच्या आत एका निरीक्षकाने गाडीभोवती फेरी मारली, पार्किंग लाइट लावायला सांगितले, वाकून पडद्याकडे बघितलं. "स्वच्छ आहे," तो म्हणाला आणि शिक्का मारला. त्याने बॉनेट उघडलं नाही, पत्र्यावरचे ठोकळे बघितले नाहीत. वडील त्याच्याकडे बघत होते. "वरवरची तपासणी," बाहेर आल्यावर ते हळूच म्हणाले. "आमच्या वेळी असं चालायचं नाही."

अर्ध्या रस्त्यात मी गाडी कडेला घेतली. कोटाच्या खिशांतून त्यांनी स्वतःच वजनं काढली आणि माझ्या हातावर ठेवली. पितळ त्यांच्या अंगाने गरम झालं होतं. "घे. जप्त कर," ते म्हणाले. "खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, मग समोर कोणी का असेना. मेहुण्याचंही केलं होतं मी." मी ती समोरच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला. "पावती देशील ना?" त्यांनी विचारलं. थट्टा करत होते. मग थट्टा संपली आणि त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांच्या बोटांत जोर नव्हता. "मला नळी नको रे," ते म्हणाले. "पण तुझ्या बायकोने शब्द दिलाय, तेही बरोबर आहे. आज रिकाम्या कोटाने उभा राहतो. जे दिसेल ते दिसेल."

घरी बायको वाटच बघत होती. बैठकीच्या खोलीत काटा तसाच मांडलेला, मुलगी पेन्सिल घेऊन कॅलेंडरपाशी. "झाली का पास?" बायकोने विचारलं. मी मान हलवली. "चला, आता तुमचं उरकू," ती वडिलांना म्हणाली. वडील माझा खांदा धरून काट्यावर चढले. कोट त्यांच्या अंगावर लोंबत होता. मी त्यांच्या शेजारी, त्यांना सावरायला उभा. बायको खाली गुडघ्यांवर बसली आणि वाकायच्या आधी चष्मा पुसू लागली.

काटा थरथरत एक्केचाळीसवर येऊन थांबला.

तेवढ्या वेळात मी काय काय विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी काहीच विचार केला नाही. माझ्या उजव्या पायाचा अंगठा पुढे सरकला आणि काट्याच्या कडेवर टेकला. पितळ नव्हे, लोखंड नव्हे, जगातल्या प्रत्येक लबाड वाण्याने वापरलेली सर्वांत जुनी युक्ती. काटा एकदम पन्नाशीकडे उडाला. मी अंगठा सैल केला. त्रेचाळीस. पुन्हा दाबला. मग तो सेहेचाळीसच्या रेघेवर ठरला.

बायकोने चष्मा लावला आणि वाकली. माझा अंगठा तिच्या नाकापासून वीतभरही लांब नव्हता. ती बघत राहिली. काटा वाचायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ती तिथे खाली बघत राहिली. मग तिने वर न बघता सांगितलं, "सेहेचाळीस."

मुलीने पेन्सिल टेकवली आणि दर शनिवारी विचारायची तसं विचारलं, "आजोबा, काटा बरोबर आहे?"

वडिलांनी खाली बघितलं. आधी काट्याकडे, मग माझ्या पायाकडे. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून ज्या नजरेने बघितलं असेल, त्याच नजरेने. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात घट्ट झाला.

"काटा बरोबर आहे," ते म्हणाले.